कोरोमंडलची तटबंदी नगरे : किनारा, वारसा आणि विकास

भारताच्या सागरी इतिहासाचा विचार करताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम पश्चिम किनाऱ्यावरील जलदुर्ग उभे राहतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा ही नावे आपल्याला परिचित आहेत. तथापि पूर्व किनाऱ्यावरही सतराव्या आणि अठराव्या शतकांत तटबंदीच्या नगरांची एक सलग मालिका उभी राहिली होती. चेन्नईपासून नागपट्टिणमपर्यंतच्या सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन या चार युरोपीय व्यापारी सत्तांनी एकमेकींच्या शेजारी आपापली ठाणी वसविली. पोर्तुगीज तर त्यांच्याही आधी येथे आले होते. या किनाऱ्याचे ‘कोरोमंडल’ हे नाव ‘चोळमंडलम्’ या नावावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आज हा सर्व पट्टा रस्त्याने जोडलेला आहे. पूर्व किनारी रस्ता चेन्नईहून पुदुच्चेरीस जातो आणि तेथून महामार्ग कडलूर, चिदंबरम, कारैकलमार्गे नागपट्टिणम गाठतो. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात अडीचशे वर्षांचा व्यापार, युद्धे आणि नगररचना यांचा अभ्यास करता येईल असे मार्ग आपल्या देशात फार थोडे आहेत. मात्र हा मार्ग केवळ पर्यटनाचा विषय नाही. या नगरांचे तट बहुतांशी नष्ट झाले आहेत. उरलेल्या वारशापुढे एका बाजूने समुद्र आणि दुसऱ्या बाजूने अनियोजित बांधकाम असे दुहेरी आव्हान आहे. इतिहास, प्राकृतिक भूगोल, पर्यावरण आणि प्रशासन हे चारही विषय येथे एकत्र येत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी या पट्ट्याचा साकल्याने विचार करणे उपयुक्त ठरेल.

तट का उभे राहिले?

कोरोमंडल किनारा सरळ आणि वालुकामय आहे. पश्चिम किनाऱ्यावर असतात तशा खोल खाड्या आणि नैसर्गिक बंदरे येथे जवळजवळ नाहीत. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभी राहत आणि शिवलेल्या फळ्यांच्या ‘मसुला’ नावाच्या होड्या लाटांमधून माल आणीत-नेत. अशा गैरसोयीच्या किनाऱ्यावर युरोपीय कंपन्या आल्या त्या प्रामुख्याने कापडासाठी. येथील सुती वस्त्रांना आग्नेय आशियात मोठी मागणी होती. ही वस्त्रे देऊन तेथील मसाले घ्यावयाचे आणि ते युरोपात विकावयाचे, असे या व्यापाराचे स्वरूप होते.

मालाची खरेदी वर्षभर चाले, परंतु जहाजे मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकानुसारच येत. त्यामुळे माल साठवणे क्रमप्राप्त होते. साठा आला की त्याच्या रक्षणाचा प्रश्न आला आणि रक्षणासाठी तट आले. तटाच्या आश्रयाला विणकर, रंगारी, दुभाषे आणि दलाल आले व वखारीचे नगर झाले. येथील तटबंदी राजधानीच्या रक्षणासाठी नव्हे, तर गोदामाच्या रक्षणासाठी जन्मली, हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हिवाळाच का?

देशाच्या बहुतेक भागांत पावसाळा जून ते सप्टेंबर या काळात असतो. तामिळनाडूत मात्र वार्षिक पावसाचा सुमारे ४८ टक्के वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो आणि किनारपट्टीत हे प्रमाण याहूनही अधिक आहे. याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे निर्माण होतात. ‘ठाणे’ चक्रीवादळाने ३० डिसेंबर २०११ रोजी कडलूर-पुदुच्चेरी पट्ट्यात, ‘गज’ने नोव्हेंबर २०१८ मध्ये नागपट्टिणमच्या दक्षिणेस आणि ‘फेंगल’ने ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुदुच्चेरीजवळ जमीन गाठली होती.

जानेवारीच्या मध्यावर, पोंगलच्या सुमारास, पाऊस ओसरतो. भातशेती कापणीला आलेली असते, हवा सौम्य असते आणि पहाटे घरांपुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखलेले दिसतात. प्रवाशाला हा काळ सुखाचा वाटतो. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी वेगळे आहे. नुकत्याच संपलेल्या पावसाळ्याने किनारा किती खचला, कोणती भिंत ढासळली आणि कोठे वाळू साचली, हे या दिवसांत उघड दिसते.

चेन्नई : नावात उरलेला तट

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला १६३९ मध्ये येथील जागा मिळाली आणि त्यानंतर सेंट जॉर्ज किल्ल्याची उभारणी झाली. किल्ल्यातील सेंट मेरी चर्च १६८० मधील असून ते भारतातील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते. तामिळनाडूचे विधिमंडळ आणि सचिवालय आजही याच किल्ल्याच्या आवारात आहे. साहजिकच तट, खंदक आणि आतील इमारती यांची निगा राखली गेली.

किल्ल्याबाहेरील भारतीय वस्तीची कथा वेगळी आहे. गोऱ्यांची वस्ती तटाच्या आत आणि ‘काळी वस्ती’ बाहेर, असा वंशभेद या नगररचनेच्या मुळाशीच होता. फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास जिंकले. ते १७४९ मध्ये परत मिळाल्यानंतरच्या काळात तोफांसमोर मोकळे मैदान हवे म्हणून किल्ल्यालगतची जुनी वस्ती हटविण्यात आली. त्या परिसरात आज मद्रास उच्च न्यायालय उभे आहे. हैदरअलीच्या स्वाऱ्यांनंतर नव्या वस्तीभोवती तट बांधण्यात आला. तो तट आता एखाद्या तुकड्यापुरताच उरला आहे. परंतु त्याच्या खर्चासाठी योजलेल्या कराची आठवण ‘वॉल टॅक्स रोड’ या रस्त्याच्या नावात राहिली आहे. १९०६ मध्ये ‘ब्लॅक टाउन’चे नाव बदलून ‘जॉर्ज टाउन’ करण्यात आले.

मामल्लपुरम् ते आलंबरै

चेन्नईच्या दक्षिणेस पूर्व किनारी रस्त्याने सुमारे ५५ ते ६० किलोमीटरवर मामल्लपुरम् आहे. पल्लवांच्या या बंदरातील स्मारकसमूहाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८४ मध्ये झाला. तेथील किनारा मंदिराला लाटांपासून वाचविण्यासाठी दगडी बांध आणि सुरूची लागवड यांचा आधार घेण्यात आला आहे. किनाऱ्यावरील वारसा टिकवायचा असेल तर वास्तूइतकेच भोवतालच्या किनाऱ्याकडे लक्ष द्यावे लागते, याचे हे पहिले उदाहरण होय.

पुढे कल्पाक्कम अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी सद्रास, म्हणजे सदुरंगपट्टिणम, येथे डचांचा विटांचा किल्ला आहे. एकेकाळी हे गाव तलम मलमलीसाठी प्रसिद्ध होते. तटाच्या आत धान्यकोठारे आणि कोरीव शिळांची डच दफनभूमी आहे. १८२४ च्या इंग्रज-डच तहाने डचांची भारतातील सर्व ठाणी इंग्रजांकडे गेली आणि सद्रासचे महत्त्व संपले. त्यापुढील आलंबरै येथे खाडीच्या मुखाशी मुघलकालीन किल्ल्याचे अवशेष आहेत. तो १७५० मध्ये फ्रेंचांना मिळाला आणि दहा वर्षांनी इंग्रजांनी तो उद्ध्वस्त केला. सद्रासला केंद्रीय संरक्षण आणि पहारा लाभला. आलंबरैचे विटांचे तट मात्र वारा, पाणी आणि वनस्पतींच्या मुळांनी झिजत आहेत.

पुदुच्चेरी : तट गेला, आराखडा राहिला

फ्रेंचांनी १६७४ मध्ये पुदुच्चेरीत ठाणे वसविले. १६९३ मध्ये डचांनी ते जिंकले आणि १६९७ च्या रिस्विक तहानंतर ते फ्रेंचांना परत मिळाले. मधल्या अल्पकाळात डचांनी आखलेला काटकोनी रस्त्यांचा आराखडाच पुढे नगराचा पाया झाला. १६ जानेवारी १७६१ रोजी दीर्घ वेढ्यानंतर पुदुच्चेरी इंग्रजांच्या हाती पडले आणि त्यांनी तटबंदीसह नगर जमीनदोस्त केले. १७६३ च्या पॅरिस तहाने ते परत मिळताच फ्रेंचांनी जुन्याच रस्त्यांवर नवे नगर उभारले. पुढे तटाच्या ओळीवर नगराला वळसा घालणारे रुंद रस्ते झाले. नकाशावर आज जो अंडाकृती वळसा दिसतो, तो नाहीशा झालेल्या तटाची आठवण होय.

एका कालव्याने या नगराचे दोन भाग केले आहेत. समुद्राकडील भागात उंच आवारभिंतीआड बंगले आहेत. कालव्याच्या पश्चिमेस तमिळ घरे आहेत. रस्त्याकडे उघडणारा आणि पांथस्थाला बसायला जागा देणारा ओटा, म्हणजे ‘तिण्णै’, त्यावर उतरते छप्पर आणि आत चौक, अशी त्यांची रचना असते. कोकणातील ओटी-पडवीची आठवण करून देणारे हे रूप आहे. अनेक घरांत तळमजला तमिळ पद्धतीचा आणि वरचा मजला फ्रेंच धाटणीचा आढळतो. याच नगरातील दुभाषी आणि व्यापारी आनंद रंग पिळ्ळै यांनी १७३६ पासून १७६१ पर्यंत लिहिलेली रोजनिशी अठराव्या शतकाच्या इतिहासाचे मोलाचे साधन मानली जाते.

पुदुच्चेरीचे प्रत्यक्ष हस्तांतरण १ नोव्हेंबर १९५४ रोजी आणि कायदेशीर हस्तांतरण १६ ऑगस्ट १९६२ रोजी झाले. वारसा जतनाच्या दृष्टीने येथील प्रयोग अभ्यसनीय आहे. ‘इन्टॅक’ या संस्थेने युरोपीय संघाच्या साहाय्याने तमिळ भागातील वैश्याळ रस्त्यावरील घरांच्या दर्शनी भागांची दुरुस्ती घरमालकांना सहभागी करून घेऊन केली. एखादी वास्तू न निवडता संपूर्ण रस्ता हा जतनाचा घटक मानणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. याउलट २९ नोव्हेंबर २०१४ रोजी मुसळधार पावसात येथील जुनी नगरपालिका इमारत कोसळली. किनाऱ्यालगतची ही वास्तू दीर्घकाळ दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने मूळ धाटणीत तिची पुनर्बांधणी होऊन २०२१ मध्ये ती पूर्ण झाली. वेळेवर केलेली दुरुस्ती पुनर्बांधणीपेक्षा नेहमीच स्वस्त असते आणि पुनर्बांधणीने मूळ वास्तू परत मिळत नाही, हा धडा या घटनेने दिला.

कडलूर : तोफगोळ्याने मोजलेली हद्द

पुदुच्चेरीच्या दक्षिणेस गडिलम नदीच्या मुखाजवळ कडलूरचा सेंट डेव्हिड किल्ला होता. या स्थळाचा मराठी इतिहासाशी थेट संबंध आहे. छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला पोहोचले. मोगली वेढ्याला तोंड देण्यासाठी त्यांना द्रव्याची निकड होती. अशा परिस्थितीत १६९० मध्ये हा किल्ला इंग्रजांना विकण्यात आला. करारानुसार किल्ल्यावरून डागलेला तोफगोळा जेथवर जाईल तेथवरची जमीन इंग्रजांना मिळावयाची होती. त्या टप्प्यात आलेली गावे पुढे ‘तोफगोळ्याची गावे’ म्हणून ओळखली गेली.

फ्रेंचांनी १७४६ मध्ये मद्रास घेतल्यावर काही वर्षे कोरोमंडलवरील इंग्रजी कारभाराचे मुख्य ठिकाण हाच किल्ला होता. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने तो घेऊन त्याची तटबंदी पाडली. तीन वर्षांनी पुदुच्चेरीचे जे झाले, ते काही अंशी याची परतफेड होती. ज्या जिंजीतून हा व्यवहार झाला, तो किल्ला जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात असून जिंजी हा महाराष्ट्राबाहेरील एकमेव किल्ला आहे.

कडलूरच्या दक्षिणेस चिदंबरमजवळ पिचावरमचे खारफुटीचे वन आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या वनाच्या आडोशाला असलेल्या वस्त्यांची हानी उघड्या किनाऱ्यावरील वस्त्यांच्या तुलनेत कमी झाल्याचे संशोधकांनी नोंदविले. २०२२ मध्ये पिचावरमला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दगडी तटाखेरीज निसर्गाचाही एक तट असतो, हे या स्थळाने दाखवून दिले.

तरंगंबाडी : समुद्राच्या तोंडाशी उभे गाव

तंजावरचे रघुनाथ नायक आणि डेन्मार्कचा प्रतिनिधी ओव्ह गेड्डे यांच्यात १६२० मध्ये झालेल्या करारानुसार डेन लोकांना तरंगंबाडी मिळाले. तेथे त्यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला. १७९२ मधील नगरद्वार ओलांडले की सरळ रस्ता समुद्राकडे जातो. त्याच्या दुतर्फा चर्च, शाळा आणि जुनी घरे आहेत. या संपूर्ण मार्गावर तटबंदी नगराची मूळ रचना इतक्या सुबोध रीतीने अन्यत्र दिसत नाही. येथे नगर मोठे झाले नाही, व्यापार आटला आणि म्हणूनच आराखडा शाबूत राहिला.

तरंगंबाडीचे दुसरे महत्त्व मुद्रणाच्या इतिहासात आहे. १७०६ मध्ये येथे आलेले धर्मप्रसारक बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग यांनी तमिळ भाषेचा अभ्यास केला, छापखाना चालविला आणि १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पूर्ण केला. याच मिशनमध्ये १७५० साली आलेले श्वार्ट्झ पुढे तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांचे शिक्षक व पालक झाले. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली आणि तंजावरात देवनागरी मुद्रणालय सुरू केले. एका लहानशा बंदरातील छापखान्याचा प्रभाव अशा रीतीने मराठी ग्रंथविश्वापर्यंत पोहोचला.

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी, बंगालमधील श्रीरामपूरसह, इंग्रजांना विकले. त्यानंतर गावाचा संघर्ष राहिला तो समुद्राशी. समुद्राकडील तट लाटांनी गिळला. पांड्यकालीन मासिलामणिनाथ मंदिराचा पुढील भागही समुद्रात गेला असून उरलेल्या भागासमोर दगडांचा बांध घालण्यात आला आहे. २००४ च्या त्सुनामीत तेव्हाच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तरंगंबाडी त्याच जिल्ह्यात होते. आता ते २०२० मध्ये स्थापन झालेल्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात आहे.

त्सुनामीनंतर येथे दोन प्रकारचे काम झाले. एकीकडे देशी आणि डॅनिश संस्थांच्या सहकार्याने गव्हर्नरचा बंगला आणि अन्य जुन्या घरांची दुरुस्ती झाली. दुसरीकडे मच्छीमारांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. समुद्रापासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबांपुढे शासनाने आत स्थलांतर करण्याचा पर्याय ठेवला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु होडी, जाळे आणि मासळी सुकविण्याची जागा किनाऱ्यावर आणि घर आत, या अंतराची किंमत मच्छीमारांना रोज मोजावी लागते. रिकामी झालेली किनाऱ्यालगतची जमीन उद्या कोणाच्या उपयोगात येणार, ही त्यांची चिंताही रास्त आहे. वारसा पर्यटनाने गावात पैसा येतो, हे खरे. तो किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांपर्यंत कितपत पोहोचतो, यावर त्याचे यश ठरले पाहिजे.

कारैकल आणि नागपट्टिणम

तंजावरच्या मराठी राज्यातील वारसाकलहाचा लाभ घेऊन फ्रेंचांनी १७३९ मध्ये कारैकल मिळविले. त्याच वर्षी पश्चिम किनाऱ्यावर चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकला होता. एकाच वर्षी एका किनाऱ्यावर युरोपीय सत्ता मागे हटली आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पुढे सरकली. कारैकल आज भौगोलिकदृष्ट्या तामिळनाडूने वेढलेले, परंतु प्रशासकीयदृष्ट्या पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे.

नागपट्टिणम हे चोळांचे बंदर. राजराज चोळाच्या काळात श्रीविजयच्या राजाने येथे चूडामणी विहार बांधविला. नंतर पोर्तुगीज आले. १६५८ मध्ये डचांनी ते घेतले आणि १६९० मध्ये कोरोमंडलवरील आपले मुख्य ठाणे पुलिकतहून येथे हलविले. १७८१ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. डच किल्ल्याचे आज फारसे काही उरलेले नाही. जवळच्या नागोर दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार मात्र दिमाखात उभा आहे. तो तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी बांधविला. तट गेले, पण लोकांच्या श्रद्धेचे आणि वापराचे स्थान असलेली वास्तू टिकली.

वाळूचे गणित

या संपूर्ण किनाऱ्याचे भवितव्य वाळूच्या हालचालीशी निगडित आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लाटा किनाऱ्यावर तिरप्या आदळतात आणि वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती उलट, दक्षिणेकडे जाते. वर्षाचा हिशेब मांडला तर उत्तरेकडे जाणारी वाळू अधिक भरते. या प्रवाहात आडवा बांध घातला की त्याच्या दक्षिणेस वाळू साचते आणि उत्तरेकडील किनारा उपासमारीने खचू लागतो.

चेन्नई बंदराच्या बांधांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हेच केले. दक्षिणेस मरीना पुळण रुंदावत गेली आणि उत्तरेस रोयपुरमचा किनारा झिजला. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे दोन बांध बांधण्यात आले. साचलेली वाळू उपसून पलीकडे टाकण्याचे काम नियमितपणे झाले नाही. परिणामी नगरासमोरील पुळण नाहीशी झाली आणि तिच्या जागी दगड रचावे लागले. दगडांनी एक भाग वाचला की धूप त्याच्या उत्तरेकडे सरकते. त्यामुळे पुढील, तामिळनाडूच्या हद्दीतील मच्छीमार गावांना झळ बसली. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २०१८-१९ च्या सुमारास पाण्याखाली कृत्रिम प्रवाळभित्तीसदृश बांध बसविल्यानंतर नगरासमोर काही भागात पुळण परतली. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग धूप होणारा आहे. पुदुच्चेरीसाठी हे प्रमाण ५६.२ टक्के आणि तामिळनाडूसाठी ४२.७ टक्के आहे.

कायद्याची चौकट आणि तिच्या मर्यादा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे दायित्व आहे आणि अनुच्छेद ५१क (च) नुसार संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. विषयांची विभागणी तीन सूचींत झाली आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद ६७), अन्य प्राचीन स्मारके राज्यसूचीत (नोंद १२) आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून घोषित नसलेली पुरातत्त्वीय स्थळे समवर्ती सूचीत (नोंद ४०) आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना १९९१ मध्ये प्रथम निघाली. तिच्या २०११ आणि २०१९ च्या आवृत्त्यांत पुरातत्त्वीय व वारसा स्थळांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान देण्यात आले.

ही चौकट भक्कम आहे, परंतु तिचा घटक ‘स्मारक’ हा आहे, ‘नगर’ नव्हे. सद्रासचा किल्ला संरक्षित होऊ शकतो. पुदुच्चेरीच्या तिण्णैची घरे खासगी मालकीची असतात. ती पाडून तेथे चार मजली इमारत उभी राहिली तर स्मारक कायदा सहसा हस्तक्षेप करू शकत नाही. येथे नगरनियोजनाचे नियम उपयोगी पडतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत नगररचनेसह शहर नियोजन हा पहिला विषय आहे. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये लागू झालेल्या वारसा नियमावलीने वास्तूंबरोबरच संपूर्ण परिसरालाही संरक्षणाच्या कक्षेत आणले होते. तोच मार्ग लहान किनारी नगरांनाही उपलब्ध आहे.

पुढील दिशा

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, जतनाचा घटक तटापुरता न ठेवता रस्ते, घरे, जलमार्ग आणि पुळण यांसह संपूर्ण नगर असा असावा. दुसरा, किनारा संरक्षणाची योजना प्रशासकीय हद्दीनुसार नव्हे, तर वाळूच्या प्रवाहानुसार आखावी लागेल. पुदुच्चेरी आणि तामिळनाडू यांची संयुक्त यंत्रणा त्यासाठी आवश्यक आहे. तिसरा, जुन्या घरांच्या मालकांना दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्य आणि कर सवलत मिळाली तरच ते घर पाडण्याचा मोह टाळतील. चौथा, चुन्याच्या गिलाव्याचे काम जाणणारे गवंडी आणि मंगलोरी कौले व लाकूडकाम जाणणारे सुतार यांचे प्रशिक्षण हे वारसा जतन आणि रोजगार या दोहोंचे साधन ठरू शकते. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, किनाऱ्यावर होड्या ओढण्याचा आणि मासळी सुकविण्याचा मच्छीमारांचा हक्क वारसा आराखड्यात स्पष्टपणे नोंदविला गेला पाहिजे. वसई, रेवदंडा, दमण आणि दीव येथील तटबंदी नगरांनाही हे निष्कर्ष कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

कोरोमंडलचे तट एकेकाळी माल राखण्यासाठी बांधले गेले आणि शत्रूचा माल लुटण्यासाठी पाडले गेले. आज त्या नगरांत राखण्यासारखे जे उरले आहे ते गोदामात मावणारे नाही. सार्वजनिक ओट्यांची घरे, चार शतकांचे नगरनियोजन, अनेक भाषांचा छापील वारसा आणि किनाऱ्यावर जगणारा समाज यांचे रक्षण दगडी भिंतीने होणार नाही. त्यासाठी समन्वित नियोजन आणि स्थानिक लोकांचा सहभाग हाच खरा तट ठरेल.

चौकट : मार्गावरील नगरे एका दृष्टिक्षेपात

चेन्नई – इंग्रज. १६३९ मध्ये जागा मिळाली. किल्ला शासकीय वापरात.
सद्रास – डच. विटांचा किल्ला आणि दफनभूमी. १८२४ च्या तहाने इंग्रजांकडे.
पुदुच्चेरी – फ्रेंच, स्थापना १६७४, तट १७६१ मध्ये नष्ट, रस्त्यांचा आराखडा कायम.
कडलूर – इंग्रज. १६९० मध्ये मराठ्यांकडून खरेदी. तटबंदी १७५८ मध्ये नष्ट.
तरंगंबाडी – डेन. १६२० ते १८४५. किल्ला आणि नगरद्वार शाबूत.
कारैकल – फ्रेंच, १७३९, आज पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशात.
नागपट्टिणम – पोर्तुगीज, १६५८ पासून डच, १७८१ पासून इंग्रज.